रेघ ओढल्यावर बाजाराचं काय होतं? उंबरगाव तालुक्याची वाटणी

एखादा प्रदेश देशातून फुटला तर तिथल्या धंद्यांचं काय होईल, हा प्रश्न जगभर विचारतात. कुणी म्हणतं बाजार बसेल, कुणी म्हणतं भरभराट होईल. आपण डहाणू-तलासरीत बसून नुसते अंदाज कशाला बांधायचे? देश नाही, पण राज्य फुटलेलं आपण पाहिलंय, आणि ती रेघ आपल्याच अंगणातून गेली.

१ मे १९६० ला द्वैभाषिक मुंबई राज्याची महाराष्ट्र आणि गुजरात अशी दोन राज्यं झाली. ठाणे जिल्ह्यातला उंबरगाव तालुका मधोमध चिरला गेला. उंबरगाव, संजाण तिकडे. इकडे उरलेल्या गावांचा तलासरी तालुका. १९४५ साली ज्या झरी गावच्या सभेतून वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला, ते झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यातलं होतं, आता तलासरीतलं.

फाळणीआधी खरी धास्ती होती ती मुंबईची. मुंबई महाराष्ट्राला दिली तर भांडवल पळेल, असं मोठमोठे उद्योगपती निवेदनांतून मांडत होते. सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास त्यांत अग्रभागी. भांडवल पळालं नाही. गुजराती व्यापारी मुंबईतच राहिला. उलट मुंबईच्या उत्पन्नाशिवाय गुजरातला तूट येणार, म्हणून काही वर्षं महाराष्ट्रानं ती भरून द्यायची, असं ठरलं.

असं का झालं? कारण रुपया एकच राहिला. राज्यघटनेच्या ३०१ व्या कलमानं देशभर व्यापार मोकळा ठेवला. घोलवड, बोर्डी रोड आणि पुढचं उंबरगाव रोड, ही स्टेशनं एकाच रुळावर राहिली. घोलवडचा चिकू सीमा ओलांडून उत्तरेकडे जायचा थांबला नाही. याच्या उलट १९४७ बघा. तागाचं पीक बहुतांश पूर्व बंगालात, गिरण्या सगळ्या कलकत्त्याभोवती. १९४९ मध्ये भारतानं रुपयाचं अवमूल्यन केलं, पाकिस्ताननं केलं नाही, आणि दोघांचा व्यापार ठप्प झाला. गिरणी आहे, ताग नाही. ताग आहे, गिरणी नाही! वेगळं होणं आणि तुटणं यातला फरक तो हा.

पण म्हणून आपल्या रेघेनं काहीच केलं नाही असं समजू नका. तिनं सावकाश काम केलं. १९६२ मध्ये दोन्ही राज्यांची औद्योगिक विकास महामंडळं उभी राहिली. गुजरातनं आपल्या दक्षिण टोकाला वापी आणि उंबरगावला वसाहती वसवल्या, कारण मुंबईची बाजारपेठ जवळ आणि जमीन आपल्या राज्यात. महाराष्ट्राच्या दृष्टीनं तलासरी म्हणजे राज्याचं शेवटचं टोक. डहाणूचं कारण मात्र निराळं, तिथे राज्याच्या सीमेला दोष देता येणार नाही. १९९१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि उद्योगांना ५०० एकरांची मर्यादा आली. बागा वाचल्या, हे मी फायद्यातच धरतो.

दारूबंदीची गंमत तर विलक्षण. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा दोघांचा सामाईक वारसा. गुजरातनं तो घट्ट धरला, महाराष्ट्रानं सैल केला, आणि रेघेच्या अलीकडच्या दारूवाल्याला आयतं गिऱ्हाईक मिळालं. तिकडे ट्रकवाल्याच्या नशिबी नाकी आली, गुजरातचं भिलाडला, आपलं दापचरीला. विक्रीकराचे कागद दाखवण्यात मुंबई-अहमदाबाद रस्त्यावर तास जायचे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा करापुरती ही रेघ पुसट झाली. सत्तावन्न वर्षं लागली.

मोठ्या कारखानदाराला दोन राज्यं म्हणजे निवड करायची सोय: सवलत जिथे जास्त, तिथे तो जातो. तलासरीच्या वारली मजुराला अशी निवड नसते. तो सकाळी जीपला लटकून उंबरगावच्या वसाहतीत जातो. तिथे त्याला गुजरातचं किमान वेतन लागू, महाराष्ट्राचं नाही. तक्रार करायची तर कामगार अधिकारी गुजरातचा, आणि त्याला मत मागायला येणारा आमदार महाराष्ट्राचा.