मोट, एंजिन आणि सौरपंप : मंद्रूप परिसरातील ऊर्जापालट व कारागिरी

सोलापूरहून विजापूरकडे जाणारा रस्ता वडकबाळ येथे सीना ओलांडतो आणि पुढे टाकळीजवळ भीमा. या दोन नद्यांच्या दरम्यान वसलेले मंद्रूप हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील मोठे गाव. काळी जमीन, मराठी व कानडी या दोन्ही भाषांचा वावर आणि बेभरवशाचा पाऊस ही या टापूची लक्षणे होत. कोरडवाहू शेतीच्या संशोधनासाठी १९३३ मध्ये सोलापूरची निवड झाली, तीही याच पावसामुळे. अशा मुलखात विहिरीचे पाणी कोणत्या शक्तीने वर आणावयाचे हा प्रश्न प्रत्येक पिढीपुढे नव्याने उभा राहतो आणि त्याचे उत्तर बदलले की त्यावर पोट भरणारा कारागीरही बदलतो. स्वच्छ ऊर्जेमुळे किती रोजगार उत्पन्न होतील याचे हिशेब आज वारंवार मांडले जातात. ते रोजगार कोणाच्या हाती जातील हे पाहावयाचे, तर पूर्वीचे पालट तपासणे अवश्य आहे.

दख्खनमधील मोट हे एकट्या कारागिराचे काम नव्हते. चाक व कणा सुताराचा, कडे लोहाराचे, कातडी मोट आणि तिची सोंड चांभाराची, नाडा व सोल मांगाची. मोबदला बहुधा खळ्यावर धान्यरूपाने मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गांव-गाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेपद्धतीवर कठोर टीका केली आहे आणि त्या पद्धतीचे गोडवे गाण्याचे आजही काही कारण नाही. तथापि एक गोष्ट मान्य करावी लागते. मोट फाटली तर ती शिवणारा हात गावकुसाच्या आत नाही तर बाहेर, पण गावातच सापडे. पुढे पत्र्याची लोखंडी मोट आली तेव्हाच कातड्याचे काम लोहाराकडे सरकू लागले होते.

तेलावर चालणाऱ्या एंजिनाने हा क्रम पुरा केला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी औंध संस्थानात १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली. नांगर आणि चरक यांच्या पाठोपाठ तेथे पंपही तयार होऊ लागले. १९४६ मध्ये पुण्यात खडकी येथे ऑईल एंजिनांचा स्वतंत्र कारखाना स्थापन झाला. विहिरीवर एंजिन बसले की बैलजोडी, मोटकरी, नाडा वळणारा आणि मोट शिवणारा हे सर्व एकदम अनावश्यक ठरत. नवे काम फिटरचे होते. चांभाराला फिटर करावे असा प्रयत्न कोणत्याही शासकीय योजनेच्या केंद्रस्थानी नव्हता. १९५० मध्ये सुरू झालेली कारागीर प्रशिक्षण योजना शाळा शिकलेल्या तरुणासाठी होती, धंदा बुडालेल्या प्रौढासाठी नव्हे.

विजेचा पालट मात्र निराळा ठरला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ आणि १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले. १९७२ च्या दुष्काळानंतर विंधनविहिरींचा प्रसार वाढला. त्याबरोबर बाजाराच्या गावी मोटारी भरून देणारा वाइंडिंगवाला उदयास आला. जळालेली मोटार उघडावयाची, प्रत्येक खाचेतील वेढे मोजावयाचे, तारेचा गेज पाहावयाचा, ते सारे वहीत टिपून तेवढेच तांबे पुन्हा भरावयाचे, अशी ही विद्या. ती बहुतेकांनी उस्तादाच्या हाताखाली, प्रमाणपत्रावाचून मिळविली. मोटार जळे ती कमी दाबामुळे किंवा एक फेज गेल्यामुळे. म्हणजे हा धंदा विजेच्या दोषावरच पोसला गेला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मौज अशी की, ७६५ किलोव्होल्टची रायचूर–सोलापूर वाहिनी ३१ डिसेंबर २०१३ रोजी सुरू होऊन दक्षिणेचे विद्युतजाल उर्वरित देशाशी जोडले गेले, याच तालुक्यात १,३२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र उभे राहिले, तरी ग्रामीण वाहिन्यांवर मोटारी जळावयाच्या थांबल्या नाहीत.

सौरपंपात हा दोष पुष्कळ अंशी नाहीसा होतो. नियंत्रक दाबातील चढउतार सांभाळतो, मोटार क्वचितच जळते. नियंत्रक बिघडला तर त्यातील सर्किट बहुधा दुरुस्त होत नाही, बदलले जाते. २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जातिजमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरावयाची असून पुरवठादाराने ५ वर्षे देखभाल करावयाची आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही अट उत्तम आहे. तिचा दुसरा परिणाम असा की, त्या ५ वर्षांत पंपाला हात लावण्याचा अधिकार गावातील कारागिराला नाही, आणि अधिकार नाही म्हणून अनुभवही नाही.

प्रशिक्षणाची सोय झाली नाही असे नाही. राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेने २०१५ मध्ये ‘सूर्यमित्र’ अभ्यासक्रम सुरू केला. ५०,००० तंत्रज्ञ तयार करण्याचे उद्दिष्ट होते. मात्र प्रवेशासाठी दहावी व औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील वीजतंत्री, तारतंत्री यांसारख्या व्यवसायाचे प्रमाणपत्र अपेक्षित होते. वीस वर्षे मोटारी भरलेला मनुष्य या दारातून आत जाऊ शकत नव्हता. पूर्वज्ञानास मान्यता देण्याची तरतूद कौशल्यविकासाच्या नंतरच्या योजनांत आली खरी. पण मान्यता म्हणजे नवे शिक्षण नव्हे.

सौर कृषिवाहिनी योजनेतील जमिनीवरच्या प्रकल्पांची गोष्ट वेगळी आहे. दुसऱ्या टप्प्यात (२०२३) जमीनमालकास हेक्टरी वार्षिक १ लाख २५ हजार रुपये भाडे ठरविण्यात आले. ज्वारीच्या रानातून असे उत्पन्न निश्चितपणे मिळणे कठीण. तथापि उभारणी संपल्यावर तेथे राखणदार, गवत काढणारे आणि पत्रे धुणारे एवढीच माणसे लागतात. त्या रानात खुरपणी-काढणी करणाऱ्या मजूर स्त्रियांची नोंद भाडेकरारात कोठेच नसते. मोट शिवणाऱ्याची जागा त्यांनी घेतली आहे.

२०२४ मध्ये बसलेल्या पंपांची देखभालीची मुदत २०२९ पासून संपू लागेल. तेव्हा बिघडलेला नियंत्रक बाजाराच्या गावी त्याच वाइंडिंगच्या दुकानात येईल, कारण शेतकऱ्याला ठाऊक असलेला पत्ता तोच आहे. मोटारीच्या वेढ्यांचा हिशेब त्या दुकानातील वहीत सापडतो. नियंत्रकाचा आराखडा मात्र आज पुरवठादाराजवळच असतो.