३५ मिमी फिल्म कॅमेऱ्यातील चौकटीचे आकार

फिल्म कॅमेऱ्यात एका छायाचित्रासाठी फिल्मचा जेवढा भाग प्रकाशाला उघडला जातो, त्यास चौकट किंवा फ्रेम असे म्हणतात. ३५ मिमी रुंदीच्या फिल्मसाठी २४×३६ मिमी हा चौकटीचा प्रमाण आकार मानला जातो. मात्र तो आरंभापासून सर्वमान्य नव्हता. फिल्म, स्लाइड व छपाई यांची यंत्रणा त्याभोवती उभी राहिल्यामुळे तो रूढ झाला.

उगम

३५ मिमी फिल्म मूळची चलच्चित्रांसाठीची. थॉमस एडिसन यांच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन यांनी ती १८९० च्या दशकाच्या आरंभी विकसित केली. दोन्ही कडांच्या छिद्रांमध्ये चित्रासाठी सुमारे २४ मिमी जागा उरते. चलच्चित्र कॅमेऱ्यात फिल्म उभी सरकते व प्रत्येक चौकट चार छिद्रांची, म्हणजे सुमारे १८×२४ मिमी असते. जर्मनीतील लाइट्झ कंपनीचे ऑस्कर बार्नाक यांनी १९१३–१४ च्या सुमारास बनवलेल्या नमुना कॅमेऱ्यात फिल्म आडवी सरकवून चौकट आठ छिद्रांची केली. त्यामुळे चित्राचे क्षेत्रफळ दुप्पट झाले. हा कॅमेरा १९२५ मध्ये 'लायका' या नावाने बाजारात आला. १९३४ मध्ये कोडॅकने १३५ क्रमांकाची, प्रकाशातही कॅमेऱ्यात भरता येणारी फिल्म-डबी आणली आणि हा आकार सर्वत्र पसरला.

जपानमधील प्रयोग

दुसऱ्या महायुद्धानंतर मिनोल्टा ३५ (१९४७) व पहिला निकॉन (१९४८) या कॅमेऱ्यांत २४×३२ मिमी चौकट वापरली गेली. चौकट आखूड असल्याने एका रिळावर अधिक छायाचित्रे मावत. परंतु रंगीत स्लाइडसाठीचे पुठ्ठ्याचे माउंट २४×३६ मिमी चौकटीसाठी बनवलेले असत आणि त्यांच्याशी हा आकार जुळत नव्हता. निकॉनने १९४९ मध्ये २४×३४ मिमी, तर १९५४ च्या एस२ कॅमेऱ्यात २४×३६ मिमी चौकट स्वीकारली.

अर्धचौकट

१९५९ च्या ऑलिंपस पेन कॅमेऱ्यात १८×२४ मिमी चौकट होती. त्यामुळे ३६ छायाचित्रांच्या रिळावर ७२ छायाचित्रे घेता येत. ही काटकसर गुणवत्तेच्या मोबदल्यात होती: ३६ सेमी लांबीच्या छापील चित्रासाठी पूर्ण चौकट १० पट, तर अर्धचौकट १५ पट मोठी करावी लागते. विवर्धन वाढले की फिल्मचे कण अधिक ठळक दिसतात.

वारसा

कोडॅकच्या ११० फिल्मची (१९७२) १३×१७ मिमी आणि एपीएस फिल्मची (१९९६) १६.७×३०.२ मिमी चौकट २४×३६ मिमीची जागा घेऊ शकली नाही. अंकीय कॅमेऱ्यातील 'फुल फ्रेम' संवेदकाचा आकारही सुमारे २४×३६ मिमी असतो. लहान संवेदकांच्या कॅमेऱ्यांतील भिंगांचे नाभीय अंतर आजही अनेकदा याच चौकटीच्या तुलनेत सांगितले जाते.