सायनसच्या तळाशी हाड

वरच्या दाढांच्या मुळांवर, गालाच्या आतल्या बाजूला हवेने भरलेली एक पोकळी असते. तिला मॅक्सिलरी सायनस म्हणतात. दाढा काढल्या की त्यांना धरून ठेवणारे हाड झिजू लागते, आणि वरून सायनसही खाली पसरतो. काही वर्षांत मध्ये चार-पाच मिलिमीटर हाड उरते, कधी त्याहूनही कमी. गेलेल्या दाताच्या मुळाऐवजी हाडात बसवायच्या नेहमीच्या लांबीच्या इम्प्लांटला एवढ्यात आधार मिळत नाही.

इंग्लंडमधील नॅथॅनिएल हायमोर यांनी 1651 मध्ये या पोकळीचे सविस्तर वर्णन केले. पुढची दोन शतके वैद्यांचा तिच्याशी संबंध मुख्यतः पू साचल्यावरच येत असे. न्यूयॉर्कचे जॉर्ज कॉल्डवेल (1893) आणि पॅरिसचे आंरी ल्यूक (1897) यांनी स्वतंत्रपणे सारखाच मार्ग शोधला: वरच्या ओठाखाली चीर द्यायची, हाडाला खिडकी पाडायची आणि सडलेले अस्तर खरवडून काढायचे.

स्वीडनमधील पेर-इंगव्हार ब्रोनेमार्क यांना 1950 च्या दशकात सशांवरील प्रयोगांत टायटॅनियम हाडाशी घट्ट जुळते असे आढळले. 1965 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागातले टणक हाड या पद्धतीला मानवले. वरच्या जबड्याचा मागचा भाग मात्र अवघड राहिला, कारण तिथले हाड कमी असते आणि मऊही.

ही अडचण अमेरिकेत सुटली. अलाबामाचे हिल्ट टेटम 1970 च्या दशकाच्या मध्यापासून सायनसच्या तळाशी हाड भरत होते. फिलिप बॉइन आणि रॉबर्ट जेम्स यांनी 1980 मध्ये अशा शस्त्रक्रियांवरील पहिला लेख प्रसिद्ध केला. खिडकी जवळपास कॉल्डवेल-ल्यूक यांचीच होती. फरक होता तो अस्तराला मिळणाऱ्या वागणुकीत, आणि या इतिहासातला खरा बदल तोच. एक मिलिमीटरहूनही पातळ असलेले जे अस्तर पूर्वी खरवडून टाकत, तेच आता न फाटता अलगद वर उचलायचे होते. त्याखाली तयार झालेल्या जागेत रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा चुरा भरत, आणि काही महिन्यांनी इम्प्लांट बसवत.

कमरेवरची दुसरी जखम रुग्णाला फार जाचत असे. पुढे जबड्यातूनच घेतलेले हाड, दात्याचे प्रक्रिया केलेले हाड आणि गुरांच्या हाडातले सेंद्रिय द्रव्य काढून बनवलेले खनिज कण वापरात आले. 1994 मध्ये रॉबर्ट समर्स यांनी बाजूची खिडकीच टाळली. इम्प्लांटसाठी केलेल्या छिद्रातूनच हाड ठोकून तळ वर सरकवण्याची त्यांची पद्धत पुरेसे हाड शिल्लक असेल तिथे सोयीची ठरली. 1996 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेत सुमारे हजार शस्त्रक्रियांची माहिती तपासली गेली, आणि उपचार भरवशाचा असल्याचा निष्कर्ष निघाला.

सर्वांत विलक्षण निरीक्षण 2004 मध्ये स्वीडनमधील स्टेफान लुंडग्रेन व सहकाऱ्यांनी मांडले. त्यांनी अस्तर उचलले, इम्प्लांटच्या टोकांवर तंबूसारखे टेकवले आणि आत काहीच भरले नाही. साचलेल्या रक्ताच्या गुठळीतूनच तिथे नवे हाड तयार झाले. त्यामुळे भरलेल्या पदार्थाइतकीच शाबूत अस्तराखालची राखलेली जागाही महत्त्वाची ठरली. अस्तर फाटणे ही आजही या शस्त्रक्रियेतली सर्वाधिक आढळणारी गुंतागुंत आहे.