खिशातला विस्तव

रेडिओ ऐकताना आपल्या मनात गाणे असते, बातमी असते, निवेदकाचा आवाज असतो. त्या डब्याच्या पोटात कथील आणि शिशाचे शेकडो चकचकीत थेंब गोठून बसलेले असतात, तिकडे कुणाचे लक्ष जात नाही. त्यांतला एक जरी नीट बसला नाही तरी रेडिओ खरखरतो, टपली मारली की बोलतो आणि पुन्हा मुका होतो. हे थेंब ज्याने बसवतात त्या सोल्डरिंग आयर्नविषयी, त्यातही बरोबर घेऊन फिरता येईल अशा आयर्नविषयी, आज थोडे बोलू.

नावातच गंमत आहे. म्हणायचे आयर्न, म्हणजे लोखंड, आणि टोक मात्र तांब्याचे. तांबे उष्णता झटकन वाहून नेते आणि कथील त्याला सहज धरते, म्हणून तांबे. झाळकाम फार जुने. दोन भाग शिसे आणि एक भाग कथील अशा मिश्रणाने नळ जोडतात, असे रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवले आहे. आपल्यापैकी ज्यांनी दारात बसलेला कल्हईवाला पाहिला असेल, त्यांना यातले रसायन शिकवायला नको. तापलेल्या भांड्यावर तो नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवले की भांडे आरशासारखे व्हायचे. (आमच्या घरी त्याला नौशादर म्हणत, शाळेत गेल्यावर त्याचा सागर झाला.) धातूवरचा मळ नवसागर काढून टाकतो. तो मळ गेला नाही तर कथील नुसते घरंगळते, चिकटत नाही. रेडिओच्या कामात मात्र नवसागर नको. तो मागे राहतो आणि बारीक तारा खातो. तिथे राळ वापरतात, आणि सोल्डरच्या तारेच्या पोटात ती आधीच भरलेली असते.

जुना कारागीर तांब्याचा जाड ठोकळा शेगडीत तापवायचा. ठोकळ्यात साठलेली ऊब हीच त्याची शिदोरी. दोन-चार सांधे झाले की शिदोरी संपली, पुन्हा शेगडी. एकोणिसाव्या शतकात तारायंत्राच्या तारा रानावनातून गेल्या आणि झाळकामाला दुकान सोडून खांबापर्यंत जावे लागले. ‘ब्रिटानिया जोड’ म्हणून एक पद्धत होती. तारांची दोन टोके शेजारी-शेजारी ठेवायची, वरून बारीक तार गुंडाळायची आणि सारे झाळून टाकायचे. म्हणजे तारेबरोबर विस्तवही न्यायचा. पुढे १८८०च्या दशकात स्वीडनमध्ये कार्ल रिचर्ड नीबर्ग यांनी ब्लो-लॅम्प विकायला आणला आणि शेगडीची जागा हातात धरायच्या दिव्याने घेतली.

मग वीज आली. एकोणिसावे शतक संपता संपता अमेरिकेत विजेची आयर्न निघाली. जर्मनीत एर्न्स्ट झाक्स यांनी १९२१मध्ये कारखान्यात चालेल अशी, हातोडीच्या घाटाची आयर्न काढली. आता शेगडी थेट टोकापाशी आली, पण अवजार भिंतीतल्या प्लगला बांधले गेले. माझ्या मते पुढची शंभर वर्षे कारागिरांची खटपट चालली ती हा दोर तोडण्यासाठी.

ईस्टन हे पेन्सिल्व्हेनियातले गाव. तिथे कार्ल वेलर हे रेडिओदुरुस्ती करत. आयर्न तापायची वाट पाहून ते कंटाळले आणि पिस्तुलासारखी सोल्डरिंग गन केली. तिच्या पेटंटसाठी १९४१मध्ये अर्ज केला, ते १९४६मध्ये मिळाले. पोटात ट्रान्सफॉर्मर, पुढे तांब्याचा आकडा. घोडा दाबला की काही सेकंदांत आकडा तापायचा. पण १९४७मध्ये ट्रान्झिस्टर जन्माला आला आणि हिशेबच बदलला. व्हॉल्व्हच्या काळात उष्णता कमी पडे, आता जास्त झाली की माल जळे. जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर लावताना त्याचा पाय पकडीत धरून ठेवायचे, म्हणजे वर चढणारी धग पकड पिऊन टाकी.

यावरचा एक तोडगा मला फार आवडतो. विशिष्ट तापमानाला लोहचुंबकाची ओढ संपते, त्या तापमानाला पिएर क्युरी यांचे नाव आहे. १९६०च्या सुमारास वेलरच्या आयर्नमध्ये टोकाच्या मागे अशा मिश्रधातूचा तुकडा आला. टोक पुरेसे तापले की ओढ सुटते आणि वीज बंद. निवले की ओढ परत, वीज सुरू. ना काटा, ना बटण. पुढे केस कापायची यंत्रे करणाऱ्या वॉल कंपनीने चार्ज होणाऱ्या बॅटरीची आयर्न आणली. १९८०च्या दशकात आयर्लंडमधून पोर्टासोल आली, तिच्यात लायटरचा ब्यूटेन गॅस.

दुकान सगळ्यांत दूर राहिले ते अंतराळात. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान कोसळले. कर्नालच्या कल्पना चावलांसह सात जण गेले, उरलेली याने जमिनीवर थांबली. अंतराळ स्थानकात नवे सामान पोचणे अवघड झाले, तेव्हा वर आधीच असलेल्या साहित्यावर प्रयोग ठरले. त्यात झाळकामही होते. २००४मध्ये माइक फिंक यांनी तिथे तारेवर सोल्डर वितळवले. पृथ्वीवर राळ हलकी म्हणून वर येते, तिचा धूर निघून जातो. तिथे वर-खाली काही नाहीच, म्हणून बुडबुडे धातूतच अडकले आणि सांधे सच्छिद्र झाले. वितळलेल्या राळेचा थेंब तर सोल्डरच्या गोळीभोवती गरगर फिरत राहिला. बिघाड दुरुस्त करायला कुणी येणार नाही अशा ठिकाणी सांधा आतून पोकळ निघणे काय असते, हे सांगायला नको.

आज पेनाएवढी आयर्न खिशात मावते. २०२०मध्ये आलेली पाइनसिल घ्या. तापवणारा भाग आणि तापमान ओळखणारा भाग, दोन्ही तिच्या टोकातच आहेत, म्हणून ती काही सेकंदांत तयार होते. लॅपटॉपच्या यूएसबी-सी चार्जरवर किंवा तशाच तगड्या पॉवर बँकेवर चालते. मोबाइलच्या साध्या पाच व्होल्टच्या चार्जरवर मात्र काम होत नाही. गॅसची आयर्न टॉवरवर, शेतावर उपयोगी. पण तिचा गरम झोत शेजारचे प्लास्टिक वितळवतो, तापमान नेमके राहत नाही आणि कडाक्याच्या थंडीत ब्यूटेनची वाफच नीट होत नाही. पेन्सिल सेलवरच्या स्वस्त आयर्नवर पैसे घालवू नयेत. टोक तापते खरे, पण जाड तारेला टेकले की लगेच थंड पडते. टेकल्यावरही टोक गरम राहते की नाही, एवढेच घेताना पाहावे. दुकानदार सर्वाधिक तापमान सांगतो, त्याला फारसा अर्थ नाही.

टोक सुईसारखे घेऊ नये, पटाशीसारखे चपटे घ्यावे; धग जायला जागा मिळते. त्रेसष्ट टक्के कथिलाचे सोल्डर १८३ अंशांना वितळते. शिसेविरहित सोल्डरला २१७च्या पुढे जावे लागते. युरोपने १ जुलै २००६पासून बहुतेक वस्तूंतून शिसे हद्दपार केले, त्यामुळे नव्या यंत्रांत तेच भेटते. टोक ३२० ते ३५० अंशांवर ठेवावे, तार आणि पत्रा दोन्हींना एकदम टेकवावे आणि सोल्डर टोकाला न लावता सांध्याला लावावे. दोन-तीन सेकंद पुरतात. गोठेपर्यंत हात हलवू नये. टोकावर कानस चालवायची सवय साध्या तांब्याच्या काळातली आहे. आताच्या टोकावर लोखंडाचा मुलामा असतो, तो खरवडला की कथील आतले तांबे खाऊन टाकते. ओल्या स्पंजवर पुसावे, काम संपले की टोकावर थोडे सोल्डर राहू द्यावे आणि मगच बंद करावे. धुरावर वाकू नये, राळेच्या धुराने दमा जडू शकतो. आणि शिशाचे सोल्डर हाताळल्यावर जेवायच्या आधी हात साबणाने धुवावेत.