थांबायचं कधी? वजनाच्या आकड्याचा दोनशे वर्षांचा हिशेब

वजन कमी कसं करायचं हे सांगणारे आज पैशाला पासरी मिळतात. दोन वेळा जेवा, सहा वेळा जेवा, भात सोडा, तूप खा, पोळी बंद करा, भाकरी चालू करा. पण 'आता बास, इथे थांबा' असं सांगणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

सध्या हा प्रश्न माझाच आहे, म्हणून त्यात शिरलो. उंची पाच फूट सहा इंच. दीड वर्षापूर्वी वजन ८४ किलो होतं, आता ७३ आहे. मोबाइलमधलं अ‍ॅप म्हणतं अजून आठ किलो उतरवा, ६५ वर या. घरचे म्हणतात गाल बसलेत, पुरे झालं. जिममधला पोरगा म्हणतो, 'सर, आता सोडू नका, थोडंच राहिलंय.' मग वाटलं, हा ६५ चा आकडा मुळात आला कुठून? कुणी ठरवला? कशासाठी? शोधत गेलो आणि जे हाती लागलं ते आपल्या सगळ्यांच्या कामाचं आहे. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात बेल्जियमपासून. अ‍ॅडॉल्फ केटले हा तिथला खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. ताऱ्यांच्या मोजमापाचं गणित त्याने माणसांना लावलं आणि 'सरासरी माणूस' कसा असतो ते शोधायला निघाला. १८३२ साली त्याने मांडलं की मोठ्या माणसांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. आज आपण ज्याला बीएमआय म्हणतो ते गणित हेच : किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. पण केटलेला लठ्ठपणाशी काही देणंघेणं नव्हतं. तो डॉक्टर नव्हता. कुणी किती वजनाला थांबावं हे त्याने कुठेही सांगितलेलं नाही.

त्यानंतर तीस वर्षांनी लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचा गृहस्थ प्रसिद्ध झाला. धंदा अंत्यसंस्कारांची व्यवस्था करण्याचा. उंची पाच फूट पाच इंच आणि १८६२ च्या ऑगस्टमध्ये वजन २०२ पौंड, म्हणजे ९२ किलोच्या आसपास. बुटाची नाडी बांधता येत नव्हती, जिना उलट्या पावलांनी, पाठमोरा उतरावा लागायचा. कानाला कमी ऐकू येतं म्हणून तो डॉ. विल्यम हार्वे यांच्याकडे गेला. त्यांनी पाव, साखर, बटाटे, दूध, लोणी, बिअर बंद करायला सांगितलं. वर्षभरात ४६ पौंड उतरले. १८६३ मध्ये त्याने स्वतःच्या खर्चाने एक छोटी पुस्तिका छापली आणि ती इतकी गाजली की इंग्रजीत 'बँट करणे' असं क्रियापदच झालं. स्वीडिश भाषेत आजही डाएट करण्याला त्याच्याच नावावरून आलेला शब्द आहे.

बँटिंगच्या आहारावर लोक दीडशे वर्षं भांडतायत. मला त्याची दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्याची मोजपट्टी नुसती तराजूची नव्हती. नाडी बांधता येते का, जिना सरळ उतरता येतो का, धाप लागते का, हे तो बघत होता. आणि पुढे त्याने ते वजन टिकवलं. १८७८ मध्ये वयाच्या ८१ व्या वर्षी गेला. आपल्याला तो 'वजन उतरवणारा पहिला माणूस' म्हणून माहीत आहे. टिकवणारा म्हणून त्याचं नाव कुणी घेत नाही.

आता आकडा कसा शिरला ते बघा. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या आयुर्विमा कंपन्यांना एकच चिंता होती : कोणता पॉलिसीधारक लवकर मरेल? मेट्रोपॉलिटन लाइफ या कंपनीचे संख्याशास्त्रज्ञ लुई डब्लिन यांच्या काळात १९४२ साली बायकांसाठी आणि १९४३ साली पुरुषांसाठी 'आदर्श वजनाचे' तक्ते निघाले. उंचीप्रमाणे वजन आणि त्यात तीन रकाने : लहान बांधा, मध्यम बांधा, मोठा बांधा. बांधा मोजायचा कसा, हे ज्याचं त्याने ठरवायचं. वजनं कपडे-बुटांसकट धरलेली. आकडेवारी कुणाची, तर ज्यांना विमा परवडत होता त्यांची. १९५९ मध्ये नवा तक्ता आला, त्यात आकडे खाली आले आणि 'आदर्श'चं 'इष्ट' झालं. १९८३ मध्ये पुन्हा नवा तक्ता, आणि बहुतेक आकडे परत वर गेले. माणसाचं शरीर तेच. तक्ता बदलला की कालचा जाड माणूस आज ठीक.

या तक्त्यांवर टीका करणाऱ्यांत अ‍ॅन्सेल कीज हे मोठं नाव. १९७२ मध्ये त्यांनी पाच देशांतल्या सात हजारांवर पुरुषांची मापं तपासून केटलेचं जुनं गणित पुढे आणलं आणि त्याला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिलं.

याच कीज यांचा त्याआधीचा एक प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, युरोपातल्या उपाशी लोकांना पुन्हा अन्नावर कसं आणायचं हे समजून घेण्यासाठी मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं. ही मुलं स्वेच्छेने आलेली होती, युद्धाला नकार देणारी. रोजचं खाणं सुमारे ३२०० कॅलरींवरून १६०० च्या आत आणलं. वजन जवळजवळ पाव भागाने उतरलं. मुलं चिडचिडी झाली, थंडी वाजायला लागली, कशातच लक्ष लागेना, दिवसभर डोक्यात फक्त जेवण. पोटभर मिळायला लागल्यावरही कित्येकांची भूक महिनोन्महिने भागेना. चरबी आधीपेक्षा जास्त चढली, स्नायू मागे राहिले. शरीराला तक्ता कळत नाही. त्याला फक्त दुष्काळ कळतो, आणि दुष्काळ सरला की ते पेव भरायला घेतं.

पुढे १९९८. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 'जास्त वजन' कुठून धरायचं ती रेषा पुरुषांसाठी २७.८ आणि बायकांसाठी २७.३ होती, ती दोघांसाठी २५ वर आणली. कोट्यवधी अमेरिकन माणसं एक घासही जास्त न खाता एका दिवसात 'जास्त वजनाची' झाली.

आपल्याकडची गोष्ट उलट्या दिशेने जाते, आणि ती पुण्यातून सुरू होते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या गावांत जन्मलेल्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली होती. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांमध्ये स्नायू कमी आणि कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून. दिसायला किडकिडीत, आतून चरबीचे. म्हणून २००९ मध्ये भारतातल्या तज्ज्ञांनी आपल्यासाठी रेषा खाली आणल्या : २३ पासून जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा. कंबर पुरुषांची ९० सेंटीमीटर, बायकांची ८०.

माझ्या अ‍ॅपमधला ६५ हा या २३ च्या रेषेचा आकडा आहे. त्यामागे खरं संशोधन आहे, त्याला हसून चालणार नाही. पण ती रेषा 'इथून पुढे धोका वाढतो, तपासण्या करा' हे सांगण्यासाठी आखली होती. 'इथे पोहोचेपर्यंत थांबू नका' असा तिचा अर्थ आपण लावला. शाळेच्या फाटकाजवळची पिवळी पाटी आणि एसटीचा शेवटचा थांबा यात फरक असतो.

मग फायदा नेमका किती किलोंवर मिळतो? २००२ साली अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जीवनशैली बदलणाऱ्या गटाला लक्ष्य दिलं होतं वजनाच्या फक्त ७ टक्क्यांचं, आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं वगैरे. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ८४ किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे सहा किलोसुद्धा नाहीत.

चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाचा २००६ मधला अभ्यास तर आपल्याच लोकांवरचा. ५३१ माणसं, तीन वर्षं. आहार-व्यायाम बदललेल्या गटात मधुमेहाचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी. आणि गंमत म्हणजे त्या गटाचं वजन फारसं उतरलंच नव्हतं! वजन जागच्या जागी राहिलं, सवयी बदलल्या, तरी फायदा झाला. वजन टिकवणं म्हणजे हार मानणं असं ज्यांना वाटतं त्यांनी हा अभ्यास लक्षात ठेवावा.

आता दुसरी बाजू. 'बिगेस्ट लूजर' हा अमेरिकन टीव्हीवरचा कार्यक्रम. त्यातल्या १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली, निष्कर्ष २०१६ मध्ये आले. सरासरी ५८ किलो उतरवले होते, त्यातले ४१ परत आले. आणि त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला ५०० कॅलरी कमी जाळत होतं, सहा वर्षांनंतरही! कॅमेरा बंद झाल्यावर 'पुढे काय' हे कुणी शिकवलंच नव्हतं.

इंजेक्शनांचंही तेच. २०२५ मध्ये मार्चला मौंजारो आणि जूनला वेगोवी आपल्याकडे विकायला आली. वेगोवीतलं औषध म्हणजे सेमाग्लुटाइड. त्याच्या २०२१ मधल्या एका चाचणीत वीस आठवडे औषध घेऊन लोकांचं वजन १०.६ टक्के उतरलं. पुढे निम्म्यापेक्षा कमी लोकांचं औषध त्यांच्या नकळत बदलून साधं इंजेक्शन दिलं, तर ४८ आठवड्यांत त्यांचं वजन ६.९ टक्के परत चढलं. औषध वाईट नाही, अनेकांना त्याची खरी गरज आहे. पण पहिली सुई टोचण्याआधी शेवटच्या सुईचा विचार डॉक्टरांबरोबर व्हायला हवा.

या सगळ्यातून मी माझ्यापुरत्या चार खुणा काढल्या. एक, कंबर आणि रक्ताचे रिपोर्ट : माझी कंबर ९९ वरून ८९ वर आली, साखर ठीक आहे. दोन, ताकद : जिना, झोप, सिलिंडर उचलणं. वजन उतरतंय आणि ताकदही उतरतेय, तर स्नायू चाललेत असं समजायचं. तीन, आज जे खातोय ते दिवाळीत, लग्नसराईत, आजारपणात, पुढची दहा वर्षं खाता येईल का? आणि चार, आणखी एक किलो उतरवायला जो त्रास पडेल त्यातून तब्येतीला काही मिळणार आहे, की फक्त फोटोला?

या चारही खुणा ७३ वरच जुळल्या, म्हणून मी इथे थांबतोय. आता दोन किलोची पट्टी ठरवली आहे, ७२ ते ७४. दर रविवारी सकाळी वजन. पट्टीच्या वर गेलं की त्याच आठवड्यात लगाम, सहा महिन्यांनी नाही. थांबणं म्हणजे जुन्या ताटाकडे परत जाणं नव्हे, नाहीतर ये रे माझ्या मागल्या. अमेरिकेत १९९४ पासून वजन टिकवणाऱ्यांची एक नोंदवही आहे. किमान ३० पौंड उतरवून वर्षभर टिकवलेल्यांनाच तिच्यात प्रवेश. त्यांच्यात सारखं काय, तर नियमित वजन करणं आणि रोज बराच वेळ चालणं-व्यायाम. ज्यांनी दोन ते पाच वर्षं टिकवलं त्यांना पुढे टिकवणं सोपं जातं, असंही त्यातून दिसलं. (माझा आकडा उचलू नका. ज्यांना साखरेच्या किंवा बीपीच्या गोळ्या आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारूनच. आणि ज्यांची साखर अजून चढीच आहे त्यांच्यासाठी थांबायची जागा पुढे असू शकते.)

आता सार्वजनिक मुद्दा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशात शंभरातल्या २४ बायका आणि जवळजवळ २३ पुरुष जास्त वजनाचे आहेत. २०२५ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये तेल दहा टक्के कमी करायला सांगितलं. गावोगाव शिबिरं होतात, कंपन्यांमध्ये ९० दिवसांच्या स्पर्धा लागतात. सगळीकडे बक्षीस एकाच गोष्टीला : कुणी सर्वांत जास्त किलो उतरवले. म्हणजे जो शरीराला सर्वांत जोरात ओरबाडतो तो पहिला.

माझं म्हणणं एवढंच की बक्षीस ९१ व्या दिवशी देऊ नका. वर्षभराने बोलवा. तेव्हा ज्याची कंबर तेवढीच आहे, जो दम न लागता जिना चढतो आणि घरच्यांबरोबर एकाच ताटातलं जेवतो, त्याला हार घाला. मग त्याने चारच किलो उतरवलेले असले तरी चालतील. तुमच्या सोसायटीत, ऑफिसात, तालमीत अशी एखादी स्पर्धा लागणार असेल तर आयोजकांना एवढा एक नियम बदलायला सांगून बघा.