पीळ

१८५७ म्हटले की आपल्याला काडतुसाची चरबी आठवते. पाठ्यपुस्तकांनी, नाटक-कादंबऱ्यांनी ती आपल्या स्मरणात पक्की बसवली आहे. मात्र ती चरबी ज्या नळीसाठी लागत होती, त्या नळीच्या आतील पीळ आपल्या चर्चेत क्वचितच येतो. वास्तविक उठावानंतरचे राजकारण चरबीपेक्षा या पिळानेच अधिक उघडे पडते.

गुळगुळीत नळीतून सुटलेली गोळी भरकटते, याचे कारण बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ मध्ये मांडले. नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडणाऱ्या गोळीला कशीही फिरकी मिळते आणि हवा तिला त्या त्या बाजूला ढकलते. उपाय म्हणजे फिरकी नेमून देणे. नळीत पीळदार खाचा पाडल्या की गोळी भोवऱ्यासारखी आपल्या अक्षाभोवती फिरत, नाक पुढे ठेवून जाते. फिरकी अपुरी पडली तर ती डळमळते, कोलांट्या खाते आणि लक्ष्यावर आडवी आदळते.

१८५३ च्या एनफिल्ड रायफलीची नळी ३९ इंच लांब होती आणि पीळ ७८ इंचांत एक फेरा, म्हणजे नळीत जेमतेम अर्धा फेरा. पुढे ३३ इंची आखूड रायफली आल्या, तेव्हा पीळ ४८ इंचांत एक असा घट्ट केला गेला. आखूड नळीत दारूच्या धुराचा रेटा कमी वेळ मिळतो, वेग घटतो आणि त्याच प्रमाणात फिरकीही. दोष केवळ आखूडपणाचा मात्र नसतो. गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट हवा, हे गणित ग्रीनहिलने १८७९ मध्ये सूत्रबद्ध केले. अमेरिकी सैन्याच्या नव्या रायफलीची गोळी कडाक्याच्या थंडीतील दाट हवेत डळमळू लागली, तेव्हा १९६३ मध्ये पीळ १४ इंचांवरून १२ इंचांवर आणावा लागला. नळीची लांबी तीच राहिली.

म्हणजे गोळी का भरकटते आणि ती सरळ कशी करावी, हे ज्ञान १८५७ पूर्वीच उपलब्ध होते. उठावानंतर इंग्रजांनी ते उलट वापरले. हिंदी शिपायांसाठी एनफिल्डसारखीच दिसणारी, पण आतून खरवडून गुळगुळीत केलेली बंदूक काढण्यात आली. नळी इतकी पातळ झाली की ती फुगू लागली. म्हणून १८५९ मध्ये जाड नळीचा नवा नमुना आला. नळी दुरुस्त झाली, पीळ मात्र परत आला नाही. गोरा आणि हिंदी शिपाई एकाच रांगेत, दिसायला एकच शस्त्र घेऊन उभे राहिले. नेम मात्र एकाच्याच हाती होता.

नाशिक जिल्ह्यात हाच काळ भागोजी नाईकांच्या भिल्ल बंडाचा. ऑक्टोबर १८५७ मध्ये नांदूर-शिंगोट्याजवळ पोलीस अधिकारी हेन्री मारला गेला. नोव्हेंबर १८५९ मध्ये सिन्नर भागातच भागोजींचा अंत झाला. त्यांच्याविरुद्ध उभारलेल्या कोळी पलटणीला संगिनीसह हलकी बंदूक देण्यात आली होती. बंडे मोडायला एतद्देशीय माणूस हवा, पण त्याच्या हातातील शस्त्राला मर्यादा हवी. १८६१ मध्ये ती पलटणही मोडण्यात आली. हेच धोरण तोफांनाही लागू झाले: डोंगरी तोफखान्याचा अपवाद वगळता हिंदी माणसाला तोफखान्याची दारे बंद झाली. हिंदी मैदानी तोफखान्याची पहिली तुकडी उभी राहायला १९३५ साल उजाडले.

आज सिन्नरपासून काही कोसांवर, देवळालीत, भारतीय सैन्याची तोफखाना शाळा आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये १५५ मिलिमीटरच्या नव्या तोफा तेथेच सैन्यात दाखल झाल्या. त्यांच्या नळ्यांत पीळ आहे.

शिपायांच्या शौर्याची आणि नेमबाजीची मोजदाद करताना आपला इतिहासलेखक त्यांच्या मनात डोकावतो, जातीत डोकावतो. त्याने एकदा नळीतही डोकवावे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे आपण म्हणतो. येथे तो ठरवून, यंत्रावर धरून, काढून घेतला गेला होता.