ध्वनिमुद्रिका व सीडी

ध्वनिमुद्रिका व सीडी : ध्वनिमुद्रित संगीताची दोन माध्यमे. व्हायनिलच्या दीर्घमुद्रिकेत (१९४८) ध्वनितरंगांशी सदृश अशी अखंड नागमोडी खाच असते व तिच्यातून सुई फिरते. सीडीत (१९८२) ध्वनितरंगाचे दर सेकंदास ४४,१०० वेळा मापन करून ते अंकरूपाने नोंदविलेले असते व लेसर किरणाने वाचले जाते. सीडीत घर्षण व त्याने होणारी झीज नसते. तिचा मंद ते तीव्र ध्वनीचा पल्ला सु. ९६ डेसिबेल, तर दीर्घमुद्रिकेचा सु. ६० ते ७० डेसिबेल असतो. शिवाय दीर्घमुद्रिकेत मध्याकडे जाताना सुईखालील खाचेचा वेग घटतो व ध्वनीत विकृती येते.

जुन्या संगीताच्या पुनर्मुद्रणास मात्र एवढी तुलना पुरेशी नाही. किराणा घराण्याचे अब्दुल करीमखाँ (१८७२–१९३७) यांचे गायन १९०५ च्या सुमारास कर्ण्याद्वारे व १९३० नंतरच्या दशकात ओडियन कंपनीने मायक्रोफोनद्वारे मुद्रित केले. या मुद्रिका लाखेच्या असून २५ सेंमी. व्यासाच्या तबकडीच्या एका बाजूवर सु. तीन मिनिटांचे गायन मावत असे. कर्ण्याने टिपलेल्या ध्वनीची कंप्रता-मर्यादा स्थूलमानाने २,००० हर्ट्‌झ, तर विद्युत्-मुद्रणाची सु. ५,००० हर्ट्‌झ होती. सीडीची मर्यादा सु. २०,००० हर्ट्‌झ असली, तरी मुळात न टिपलेले स्वर तिच्यात उमटू शकत नाहीत. वरच्या भागात केवळ खरखर उमटते. ती गाळताना गाळणी तीव्र लावली, तर गळ्याचे उच्च उपस्वर, श्वास व तंबोऱ्याचा झंकारही लोपतो.

गतीचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. जुन्या मुद्रिकांची गती सर्वत्र सारखी नव्हती. मिनिटास ७८ फेऱ्यांची मुद्रिका ८० फेऱ्यांनी वाजविल्यास षड्ज अर्धस्वराच्या निम्म्याहून किंचित कमी इतका चढतो व लयही वाढते. स्वरांतील अंतरे त्याने बदलत नाहीत. परंतु तबकडीचे छिद्र मध्यापासून ढळलेले असल्यास स्थिर स्वरही डोलू लागतो. कृ. ब. देवल व ई. क्लेमंट्स यांच्या श्रुतिसंशोधनास खाँसाहेबांचे साहाय्य होते. अशा गायकाच्या सूक्ष्म स्वरस्थानांचा अभ्यास करताना हा दोष विशेष बाधक ठरतो. तो एकदा सीडीत उतरला की तिच्या प्रत्येक प्रतीत तसाच राहतो.

म्हणून पुनर्मुद्रणाचा दर्जा माध्यमापेक्षा मूळ प्रतीची स्थिती, खाचेस योग्य सुई, अचूक गती व संयमित शुद्धीकरण यांवर अधिक अवलंबून असतो. काळजीपूर्वक केलेली सीडी झिजलेल्या दीर्घमुद्रिकेहून सरस ठरते, तर अतिशुद्ध केलेल्या सीडीहून खरखरणारी मूळ मुद्रिका गायकाच्या आवाजाशी अधिक प्रामाणिक असते. सीडी उपलब्ध झाली तरी मूळ मुद्रिका व तिची न गाळलेली प्रत जतन करणे आवश्यक असते. कारण गाळताना गेलेला स्वर पुढे अधिक चांगले तंत्र लाभले तरी सीडीवरून परत मिळविता येत नाही.